अठ्ठावीस जागा आणि एक डावा पाय: न्यू जर्सीतल्या एका मुलीच्या कॉलेज सॉकर भरतीचं प्रकरण

१४ जून २०२४. रात्रीचे बारा वाजायला आले होते आणि मध्य न्यू जर्सीतल्या एका मराठी घरात चौघंही जागी होती. दहावी संपलेल्या खेळाडूशी पहिल्या डिव्हिजनचे, म्हणजे अमेरिकी कॉलेज खेळांच्या तीन थरांतल्या सर्वांत वरच्या थराचे सॉकर कोच १५ जूनपासून बोलू शकतात, तो दिवस उजाडत होता. सकाळपर्यंत दोन मेल आले. दोन्हींत कॅम्पचं आमंत्रण, फी आणि फॉर्मची लिंक. एकात मुलीचं नावही चुकलेलं.

तिथून दीड वर्षानं, डिसेंबर २०२५ मध्ये, ही मुलगी तिसऱ्या डिव्हिजनच्या एका कॉलेजात लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या कडेची बचावपटू म्हणून पक्की झाली. मधल्या काळात कुठे वेळ आणि पैसा गेला, काय चुकलं आणि शेवटी कशानं जमलं, ते इथे मांडलं आहे. मुलगी आणि तिचं घर नमुन्यादाखल उभं केलं आहे, त्यांचे आकडेही तसेच. नियम, तारखा आणि जागांचं गणित खरं आहे.

मुलीचा जन्म नोव्हेंबर २००७ चा, हायस्कूल संपणार जून २०२६ मध्ये. उंची ५ फूट ३ इंच. क्लबमध्ये मधल्या फळीत आठ नंबरवर, म्हणजे बचाव आणि आघाडी जोडणाऱ्या जागेवर खेळायची, पाय डावा. क्लब ईसीएनएल लीगमधला, म्हणजे मुलींच्या क्लब सॉकरच्या वरच्या थरातला. जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी) ३.८५, एसएटी (कॉलेजप्रवेशाची परीक्षा) १४६०. आईबाबा दोघंही आयटीत. क्रिकेट त्यांना कळतं, सॉकर मुलीमुळे शिकले.

जागा किती असतात

कोचचं काम जागा भरण्याचं असतं, आणि जागा मोजक्या असतात. ही गोष्ट या घराला वर्षभर उशिरा कळली. मुलगी चांगली आहे का, याच प्रश्नाभोवती सगळी घालमेल चालली होती. खरा प्रश्न असा हवा होता: २०२६ च्या ऑगस्टमध्ये या कोचकडे कुठली जागा रिकामी असेल, आणि ती भरायला त्याच्यासमोर आणखी कोण आहे?

२०२५ पर्यंत पहिल्या डिव्हिजनच्या मुलींच्या सॉकर संघाला १४ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. त्या तुकडे करून वाटता येत, पण संघात किती मुली ठेवायच्या यावर बंधन नव्हतं, त्यामुळे तीस-बत्तीस मुलींचे संघ सर्रास दिसत. मग हाउस विरुद्ध एनसीएए (कॉलेज खेळांची मुख्य संघटना) या, खेळाडूंना पैसे देण्यावरच्या खटल्यातल्या तडजोडीला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी ६ जून २०२५ रोजी अंतिम मंजुरी दिली आणि १ जुलैपासून गणित उलटं झालं. तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांना शिष्यवृत्त्यांची मर्यादा उरली नाही, पण संघ २८ जणींचाच. जी विद्यापीठं सामील झाली नाहीत त्यांना जुनीच चौकट लागू राहिली. आयव्ही लीगची आठही त्यातच आहेत, आणि तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती मुळातच देत नाहीत.

आता २८ चं वाटप बघा. चार वर्षांत विभागले तर वर्षाला सात. त्यातल्या दोन-तीन जागा कोच दुसऱ्या कॉलेजातून बदली घेणाऱ्या मुलींसाठी राखतो. वीस वर्षांची, दोन हंगाम खेळलेली मुलगी ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे बदली हवी असलेल्यांच्या यादीतून आयती मिळत असताना सतरा वर्षांच्या मुलीवर डाव लावायचा कशाला? २०२४ पासून बदली घेणाऱ्या मुलीला अभ्यासाच्या अटी पूर्ण असल्या की लगेच खेळताही येतं, त्यामुळे हा बाजार अधिकच तापला. उरलेल्या चार-पाच जागांतली एखादी गोलकीपरची. म्हणजे बचाव, मधली फळी आणि आघाडी मिळून हायस्कूलमधून थेट येणाऱ्यांना वर्षाला तीन-चार जागा. त्यात आठ नंबरची जागा एक, आणि एखाद्या वर्षी तीही नाही.

दुसऱ्या डिव्हिजनमध्ये मुलींच्या संघाला ९.९ शिष्यवृत्त्या, त्याही तुकड्यांत. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळासाठी एक पैसाही मिळत नाही. मात्र गुणवत्तेवर आणि घरच्या परिस्थितीवर मिळणारी मदत असते, आणि अभ्यासू मुलीच्या बाबतीत ती पहिल्या डिव्हिजनच्या तुकड्यापेक्षा अनेकदा मोठी भरते. एनएआयए ही वेगळी संघटना आहे, तिच्या बहुतेक कॉलेजांत आकारानं लहान पण खरी शिष्यवृत्ती मिळते.

“तिसरी डिव्हिजन” म्हटलं की आपल्याकडच्या पालकांच्या डोळ्यांपुढे तिसऱ्या वर्गाचा डबा येतो. एमआयटी, शिकागो विद्यापीठ, एमरी, कार्नेगी मेलन आणि जॉन्स हॉपकिन्स ही सगळी मुलींच्या सॉकरमध्ये तिसऱ्या डिव्हिजनमध्येच खेळतात. हॉपकिन्सच्या मुलींनी २०२२ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद घेतलं.

चुकीच्या मैदानावर उभी मुलगी

१५ जूनला फोन का वाजला नाही, याचं एक कारण जन्मतारखेत होतं. न्यू जर्सीत शाळाप्रवेशाची तारीख प्रत्येक स्थानिक शाळामंडळ ठरवतं, बहुतेक ठिकाणी १ ऑक्टोबरच्या आसपास. नोव्हेंबरचा जन्म असल्यानं ही मुलगी शाळेत मागच्या तुकडीत गेली. क्लब सॉकरचे वयोगट मात्र तेव्हा जानेवारी ते डिसेंबर धरले जात. त्यामुळे तिच्या २००७ च्या संघातल्या बहुतेक मुली शाळेत तिच्या एक वर्ष पुढे, म्हणजे २०२५ ला हायस्कूल संपवणाऱ्या. अशा मुलीला तिकडे “ट्रॅप्ड प्लेअर” म्हणतात.

२०२४ च्या वसंतात २००७ च्या मैदानाशेजारी उभ्या कोचांच्या हातात २०२५ च्या मुलींची यादी होती. २०२६ च्या मुली शोधणारे कोच चार मैदानं पलीकडे, २००८ चा संघ बघत होते. हिला खालच्या वयोगटात खेळता येत नव्हतं. उपाय साधा होता: मेलच्या विषयाच्या ओळीत “२००७ चा संघ, पण २०२६ ची विद्यार्थिनी” एवढं आधी लिहायचं. पहिल्या ६४ मेलांपैकी एकाही विषयात ते नव्हतं. २०२६-२७ च्या हंगामापासून अमेरिकेत वयोगट १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे धरले जाणार आहेत, त्यामुळे ही अडचण बऱ्याच अंशी मिटेल. या मुलीपुरतं ते वरातीमागून घोडं.

त्या ६४ मेलांची दुसरी खोट यादीतच होती. विद्यापीठांच्या क्रमवारीतली पहिली चाळीस नावं, त्यात सॉकरच्या पहिल्या पंचविसांतली भर. कुठल्या संघात मधल्या फळीत किती मुली आहेत हे कुणी पाहिलं नव्हतं. मेल बाबांनी लिहिले होते, खाली सही मुलीची. असा मेल कोच दोन ओळींत ओळखतो: सोळा वर्षांची मुलगी “आपल्या प्रतिष्ठित संस्थेच्या उज्ज्वल परंपरेविषयी” लिहीत नाही.

व्हिडिओ

पहिला व्हिडिओ नऊ मिनिटांचा होता. मागे गाणं, सुरुवातीला नाव-फोटोची वीस सेकंदांची पाटी, मग तारखेच्या क्रमानं गोल. त्यात दोन पेनल्टी. चित्रण साईडलाईनवरून, चेंडूवर झूम करून.

यात काय बिघडलं ते समजून घ्यायला हवं, कारण हीच चूक घरोघरी होते. मधल्या फळीतल्या खेळाडूचं मोल चेंडू पायात येण्याआधी कळतं. तिनं मान वळवून मागे पाहिलं का, शरीर उघडं ठेवून चेंडू घेतला का, चेंडू गेल्यावर किती सेकंदांत परत धावली? झूम केलेल्या चित्रात ती चौकटीतच नसते. पेनल्टीतून तर काहीच कळत नाही. आणि वीस सेकंदांची पाटी संपायच्या आत कोच पुढच्या मेलकडे गेलेला असतो.

दुसरा व्हिडिओ ४ मिनिटं १० सेकंदांचा झाला. क्लबकडे उंच तिकाटण्यावर बसणारा, अख्खं मैदान टिपणारा वीओ कॅमेरा होताच. त्याच्या चित्रणातून वीस तुकडे काढले, प्रत्येक दहा-बारा सेकंदांचा. प्रत्येक तुकडा चेंडू तिच्याकडे येण्याच्या तीन-चार सेकंद आधी सुरू होतो. एक सेकंद चित्र थांबतं, तिच्याभोवती वर्तुळ येतं, मग खेळ पुढे चालतो. पहिल्या तीस सेकंदांत सर्वांत चांगले तीन तुकडे. पाटी तीन सेकंदांची: नाव, २०२६, जागा, जर्सी नंबर, मेल. गाणं काढून टाकलं. खाली एका पूर्ण सामन्याची लिंक, आणि तो सामना १-२ नं हरलेला. हरलेला सामना द्यायला घरात विरोध झाला. पण संघ मागे असताना ही काय करते हे कोचला बघायचंच असतं, आणि ५-० च्या सामन्यातून ते दिसत नाही.

मेल सुधारल्यावर असा झाला. विषय: २०२६, मिडफिल्ड, डावा पाय, क्लबचं नाव, जर्सी ८, शनिवार ९.३०, मैदान १२. आत सहा-सात ओळी: जीपीए आणि एसएटी, शोकेसमधल्या (कॉलेजचे कोच बघायला येतात त्या स्पर्धेतल्या) तिन्ही सामन्यांच्या वेळा, व्हिडिओ, क्लबच्या कोचचा फोन आणि त्या कॉलेजच्या संघाविषयी एक खरं वाक्य, जे दुसऱ्या कुठल्याही कॉलेजला लागू पडणार नाही. शोकेसच्या आठ-दहा दिवस आधी पाठवायचा, वेळ किंवा मैदान बदललं तर आदल्या दिवशी एक ओळ. हेड कोचच्या मेलपेटीत रोज ढीग पडतो, म्हणून भरती बघणाऱ्या सहायक कोचला सोबत घ्यायचं. त्याचं नाव संघाच्या संकेतस्थळावर असतं.

कॅम्पचा उन्हाळा

२०२४ च्या उन्हाळ्यात मुलगी सात आयडी कॅम्पना, म्हणजे कॉलेजचे कोच फी घेऊन खेळाडू पारखतात अशा शिबिरांना गेली. प्रवास आणि मुक्काम धरून साधारण २६०० डॉलर गेले, आणि सहाव्या कॅम्पमध्ये मांडीचा मागचा स्नायू दुखावला. तीन आठवडे विश्रांती, हायस्कूलच्या हंगामाची सुरुवात बुडाली.

कॅम्प हा कोचांच्या कमाईचाही भाग असतो. “तुला आमच्या कॅम्पमध्ये बघायला आवडेल” हे वाक्य शेकडो मुलींना जातं. खरा रस आणि घाऊक आमंत्रण यांतला फरक ओळखता येतो. रस असलेला कोच सामन्यातल्या एखाद्या गोष्टीचा उल्लेख करतो, जर्सी नंबर लिहितो, फोनची वेळ मागतो, अकरावीची गुणपत्रिका मागतो. क्लबच्या कोचला त्याचा फोन आलेला असतो. यातलं काहीच नसेल तर कॅम्पला जाऊ नये, फार तर घराजवळच्या एखाद्या कॅम्पला सरावासाठी जावं. सातपैकी पाच कॅम्प अशा कॉलेजांचे होते ज्यांच्याकडून त्याआधी एकही खरा मेल आला नव्हता.

तोंडी शब्द

डिसेंबर २०२४ मधल्या शोकेसमध्ये पहिल्या डिव्हिजनच्या, मधल्या पातळीवरच्या एका सरकारी विद्यापीठाच्या सहायक कोचनं तिला दोन सामने पाहिलं. जानेवारीत फोन. पहिल्या दहा मिनिटांत बाबाच बोलले, मुलगी शेजारी मान हलवत होती. पुढच्या फोनला कोचनं स्वच्छ सांगितलं की तिच्याशी बोलायचं आहे. फेब्रुवारीत कॅम्पस पाहून आले. मार्चमध्ये शब्द मिळाला: २०२६ ला तुझ्यासाठी जागा आहे, पहिल्या वर्षी पैसे नाहीत, पुढे बघू.

घरात पेढे वाटले गेले. त्या दिवसापासून बाकीच्या कॉलेजांना मेल थांबले. पूर्ण प्रकरणातली सर्वांत महागडी चूक हीच, कारण मार्च ते मे हे अकरावीचे महिने भरतीच्या ऐन हंगामाचे असतात.

मेच्या शेवटी कोचचा फोन आला. विद्यापीठ तडजोडीत सामील होणार, संघ २८ वर आणावा लागणार, पोर्टलमधून मधल्या फळीत दोन मुली येत आहेत. तो शब्द आता पाळता येणार नव्हता. कोचनं फसवलं असं म्हणता येत नाही. तोंडी शब्द दोन्ही बाजूंना बांधत नाही, हे नियमांतच आहे. आधीपासून संघात असलेल्या, आणि २०२५ ला येणाऱ्या ज्या मुलींच्या जागा २८ च्या मर्यादेमुळे गेल्या, त्यांना तडजोडीत खास सूट मिळाली. २०२६ वाल्यांना ती नाही.

लेखी काही हवं होतं म्हणावं तर तेही हाती नव्हतं. नॅशनल लेटर ऑफ इंटेंट ही जुनी पद्धत ऑक्टोबर २०२४ मध्येच बंद झाली. तिच्या जागी आर्थिक मदतीचा लेखी प्रस्ताव आला, तो बारावीच्या १ ऑगस्टपासून देता येतो आणि त्यावर सही नोव्हेंबरमध्ये होते. पण मदतच नसलेल्या मुलीला सही करायला कागदच नसतो. म्हणून पैशाविना मिळालेला शब्द सर्वांत कच्चा.

मार्चमध्ये चार प्रश्न विचारले असते तर चित्र स्पष्ट झालं असतं. तुमचं विद्यापीठ तडजोडीत सामील होणार का? २०२६ ला मधल्या फळीत किती मुली परत येतील? माझ्या जागेवर आणखी किती जणींना शब्द दिला आहे? दरवर्षी पोर्टलमधून किती घेता? हे विचारणं उद्धटपणाचं वाटतं, म्हणून आपल्याकडची मुलं विचारत नाहीत. कोचांना त्याची सवय असते.

दुसरी यादी

जून २०२५ मध्ये हातात पाच महिने होते. यादी पुन्हा केली, २२ कॉलेजांची: तिसऱ्या डिव्हिजनची पंधरा, दुसऱ्याची चार, पहिल्याची तीन. या वेळी आईनं एक्सेलची शीट काढली. (प्रोजेक्टचं काम करणाऱ्या माणसाच्या हाती हे आधीच द्यायला हवं होतं.)

प्रत्येक संघाचं रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, संकेतस्थळावर असतं: नाव, जागा, उंची, इयत्ता. शीटमध्ये बचाव, मधली फळी आणि आघाडी असे तीन रकाने करून प्रत्येकात २०२६ च्या वसंतात पदवी घेणाऱ्या मुली मोजल्या. मग मागच्या हंगामाच्या आकडेवारीतून पहिल्या वर्षाच्या मुलींना मिळालेली मिनिटं घेतली. काही कोच नव्या मुलींना वर्षभर बाकावर बसवतात, काही पहिल्या सामन्यापासून खेळवतात. तिसरा रकाना नेट प्राइस कॅल्क्युलेटरचा, म्हणजे या घराला प्रत्यक्ष किती पडेल याचा अंदाज. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर हे साधन असतं आणि वीस मिनिटांत उत्तर देतं.

शीट भरताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. मधल्या फळीत बहुतेक ठिकाणी दाटी होती, पण २२ पैकी सहा संघांत बाहेरच्या, म्हणजे डाव्या-उजव्या कडेच्या बचावातल्या दोन किंवा अधिक मुली २०२६ ला बाहेर पडत होत्या. सामन्यांचे व्हिडिओ पाहिले तर चार संघांत डाव्या बाजूला उजव्या पायाची मुलगी खेळत होती. प्रत्येक क्रॉससाठी (कडेवरून गोलसमोर मारायच्या चेंडूसाठी) चेंडू आत ओढायला लागे, तेवढ्यात समोरचा बचाव जागेवर यायचा.

आणि मार्चमध्ये क्लबची लेफ्ट बॅक जखमी झाल्यावर या मुलीनं आठ सामने त्या जागेवर काढले होते. ती आपली जागा नाही म्हणून त्यातला एकही तुकडा व्हिडिओत नव्हता.

लेफ्ट बॅक का जमली, त्यामागे कॉलेज सॉकरचे बदलीचे नियमही आहेत. तिथे पहिल्या अर्ध्यात बाहेर गेलेली खेळाडू त्या अर्ध्यात परत येत नाही, दुसऱ्या अर्ध्यात एकदा परत येऊ शकते. त्यामुळे कोच आघाडी आणि मधल्या फळीत ताज्या मुली आतबाहेर करत राहतात, चार जणींचा बचाव मात्र शक्यतो हलवत नाहीत. बाहेरच्या बचावपटूनं नव्वद मिनिटं वरखाली धावायचं असतं. मधल्या फळीत ५ फूट ३ इंच उंची हवेतल्या चेंडूला कमी पडते. बाजूला तेवढं अडत नाही. मधल्या फळीत घडलेल्या मुलीला दाबाखाली चेंडू सांभाळून आत पास द्यायची सवय असते, आणि मागून खेळ बांधणाऱ्या कोचला तेच हवं असतं.

नवा व्हिडिओ निम्मा लेफ्ट बॅकचा, निम्मा आठ नंबरचा झाला. विषयाच्या ओळीत “लेफ्ट बॅक / मिडफिल्ड, डावा पाय”. २२ पैकी ११ उत्तरं आली, सात फोन झाले. सगळे फोन मुलीनं घेतले, बाबा स्वयंपाकघरात. उन्हाळ्यात कॅम्प दोनच, दोन्ही आधी फोन झालेल्या कॉलेजांचे. त्यांतल्या एकात ती पूर्ण वेळ लेफ्ट बॅकला खेळली आणि कोचनं दुपारीच गुणपत्रिका मागितली.

प्रवेश कचेरीचा कौल

तिसऱ्या डिव्हिजनमध्ये कोचच्या पसंतीनंतर खरा फैसला प्रवेश कचेरीत होतो. अकरावीचे अंतिम गुण आल्यावर, जुलैपासून, कोच खेळाडूची कागदपत्रं कचेरीकडे आधी वाचायला देतो. याला प्री-रीड म्हणतात. चार कागद लागतात: गुणपत्रिका, परीक्षेचे गुण, बारावीत घेतलेल्या विषयांची यादी आणि शाळेचं माहितीपत्रक. बारावीची यादी हलकी असेल तर इथेच अडतं. या मुलीनं सॉकरला वेळ मिळावा म्हणून एपी कॅल्क्युलस (कॉलेजच्या पातळीचं गणित) सोडायचं ठरवलं होतं, एका कोचनं सांगितल्यावर परत घेतलं.

तीन ठिकाणी प्री-रीड झालं. एकातून नकार आला, तोही बारा दिवसांत, म्हणून त्याचं दुःख मानू नये. दुसऱ्या कोचनं “कचेरी म्हणते प्रवेश मिळू शकतो” असं कळवलं. तिसऱ्यानं म्हटलं, “प्रवेश मिळू शकतो, आणि तू माझ्या यादीत आहेस.” या दोन वाक्यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिल्यात कोच फक्त निरोप पोचवतो, दुसऱ्यात तो आपल्या मोजक्या शिफारशींपैकी एक खर्च करतो. नीट कळलं नाही तर थेट विचारावं: तुम्ही माझ्यासाठी शिफारस वापरणार आहात का, आणि गेल्या तीन वर्षांत अशा किती मुलींना अर्ली डिसिजनमध्ये नकार आला?

अर्ली डिसिजनचा अर्ज बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जातो आणि तो बांधील असतो. प्रवेश मिळाला की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. म्हणजे दोन कॉलेजांच्या आर्थिक मदतीची तुलना करायची सोय उरत नाही, हिशेब आधीच करावा लागतो. या घराचं उत्पन्न परिस्थितीनुसार मदत मिळण्यापलीकडचं. गुणवत्तेवर शिष्यवृत्ती न देणाऱ्या नामांकित कॉलेजात वर्षाला ९०,००० डॉलरांच्या वर पूर्ण खर्च पडला असता. तिसऱ्या कॉलेजची छापील किंमत ८६,०००, गुणवत्तेची शिष्यवृत्ती ३२,००० च्या आसपास, म्हणजे ५४,०००. मार्चमध्ये शब्द देणाऱ्या परराज्यातल्या सरकारी विद्यापीठाचा खर्च ५५,००० होता. पेढे ज्याच्यासाठी वाटले तो पहिला डिव्हिजन आणि हा तिसरा, पैशाच्या हिशेबात एकाच जागी येऊन थांबले.

एक बारीक गोष्ट दुसऱ्या डिव्हिजनचे अर्ज भरताना समोर आली. पहिल्या दोन डिव्हिजनसाठी एनसीएएच्या पात्रता केंद्राला १६ मूळ विषय दाखवावे लागतात. पहिल्या डिव्हिजनसाठी त्यातले दहा बारावी सुरू होण्याआधी, आणि त्या दहांतले सात इंग्रजी, गणित, विज्ञानाचे. मूळ विषयांचा जीपीए पहिल्याला २.३, दुसऱ्याला २.२. या मुलीनं परक्या भाषेचं क्रेडिट मराठीची परीक्षा देऊन मिळवलं होतं. शाळेला ते चाललं, पण परीक्षा देऊन मिळवलेलं क्रेडिट पात्रता केंद्र मोजत नाही. तिचे इतर विषय भरपूर होते म्हणून निभावलं. काठावर असलेल्या मुलानं स्पॅनिशचा वर्गच घ्यावा.

कोल्हापूर, मुंबई किंवा गोव्यातून प्रयत्न करणाऱ्यांना याच वाटेवर आणखी काही टप्पे लागतात. पात्रता केंद्राला दहावी आणि बारावी दोन्ही बोर्डांच्या गुणपत्रिका द्याव्या लागतात. तुम्हाला बघायला कुणी येणार नाही, त्यामुळे दोन-तीन पूर्ण सामन्यांचं, अख्खं मैदान दिसणारं चित्रण हीच तुमची चाचणी. आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म) मिळवायला पहिल्या वर्षाच्या पूर्ण खर्चाची तरतूद कागदावर दाखवायला लागते, म्हणून अर्धी शिष्यवृत्ती मिळाली तरी उरलेल्या अर्ध्याचा प्रश्न आधी सोडवायचा. आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जाहिराती करून नाव-प्रतिमेचे पैसे कमावण्याच्या गोष्टींपासून लांब राहावं, अमेरिकन मुलांना मोकळं असलेलं ते दार व्हिसाच्या कामबंदीत अडकतं.

नोव्हेंबर

तिसऱ्या कॉलेजचा अर्ज १ नोव्हेंबर २०२५ ला गेला. त्याआधी सप्टेंबरमध्ये मुलगी कॉलेजात एक रात्र राहून आली, संघातल्या मुलींसोबत जेवली, त्यांना कोचच्या पाठीमागे विचारता येणारे प्रश्न विचारले: दुखापत झाल्यावर कशी वागणूक मिळते, प्रयोगशाळेचा तास सरावाच्या वेळी आला तर काय होतं. संघातल्या तिघी जणी इंजिनिअरिंग करत होत्या, आणि तास आडवा आला तर सराव सोडायची मुभा होती.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पहिल्या डिव्हिजनच्या त्या सहायक कोचचा मेसेज आला. हंगाम संपला होता, पोर्टल उघडलं होतं, मधल्या फळीतल्या दोन मुली निघाल्या. जागा आहे, अजून इच्छा आहे का?

निकाल लागेपर्यंत अर्ली डिसिजनचा अर्ज मागे घेता येतो, त्यामुळे दार खरंच उघडं होतं. घरात दोन संध्याकाळी चर्चा झाली. मुलीनं शीट उघडून त्या विद्यापीठाची ओळ पुन्हा भरली. मधल्या फळीत परत येणाऱ्या सात जणी, त्यातल्या पाच तिच्यापेक्षा एक-दोन वर्षांनीच मोठ्या. जानेवारीत पोर्टलमधून आणखी किती येतील ते कोचलाही माहीत नाही. पैसे अजूनही शून्य, आणि लेखी काहीच नाही. अर्ज केलेल्या कॉलेजच्या ओळीत लेफ्ट बॅकच्या दोन मुली मे महिन्यात पदवी घेणार होत्या.

तिनं तीन ओळींत आभार मानून कळवलं की अर्ज दुसरीकडे केला आहे आणि तो तसाच ठेवत आहे. कॉलेजचं पत्र डिसेंबरच्या मध्यात आलं. दुसऱ्या दिवशी कोचचा मेल: उन्हाळ्याचा सराव मेमध्ये पाठवतो, ऑगस्टमध्ये पहिल्या दिवशी धावण्याची चाचणी आहे, डाव्या पायाचे कॉर्नर आतापासून मार.